ओल्या चुन्याचे पाच देव

सन दोन हजार चोवीस सरत आलं होतं आणि मला सत्तर पुरी होऊन एकाहत्तरावं लागलं होतं. त्या साली उन्हाळ्यात माझ्या आतड्यात कॅन्सर निघाला. लातूरला ऑपरेशन झालं, आतड्याचा खराब तुकडा काढला, आणि पुढं पावसाळ्यापासून सलाईनमधून औषध चढवणं सुरू झालं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस आहे. पेन धरलं की बोटं अवघडतात. पण जे घडलं ते आपल्या हातानं लिहावं असं लई दिवस मनात होतं, म्हणून बसलो आहे. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. जमीन काळी, आणि माझ्या वडलापासून आम्ही ती स्वतः कसत आलो. मी कधी कुणापुढं मान खाली घातली नाही, हे मी अभिमानानं सांगतो, कारण ते खरं आहे. गावात भांडण झालं तर लोक माझ्या ओसरीवर यायचे. आणि दुखणं आल्यावर तेच लोक ओसरीवरून हळू आवाजात बोलत पुढं जायला लागले. डोक्याचे केस गेले, मिशी विरळ झाली, अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटायला लागला. औषधानं हातापायाला मुंग्या यायच्या आणि गार पाणी पिलं की नरड्यात बाभळीचे काटे गेल्यासारखं व्हायचं. पण ते सोसता येत होतं. जे सोसता आलं नाही ते मनाचं. मन एकदम विझून गेलं. मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचो. देव्हाऱ्यापुढं जाणं सोडून दिलं. देवाशी भांडण नव्हतं, पण त्याच्याशी बोलावं असंही काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लावणारी एक सिस्टर होती. तिला माझा हा प्रकार लक्षात आला असावा. ती म्हणाली, बाबा, रोज बाहेर उघड्यावर चालत जा, झाडं बघा, ऊन घ्या. पायासाठी म्हणत नाही मी, मनासाठी म्हणते. मी तिला सांगितलं की मी जन्मभर चाललोय, पण काम असल्याबिगर चाललो नाही. आमच्याकडं काम नसताना रस्त्यानं हिंडणारा माणूस दोनच जातीचा असतो, एक वेडा आणि दुसरा निवडणुकीला उभा राहिलेला. ती हसली आणि म्हणाली, मग तुम्ही तिसरा व्हा.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, सुलाबाईनं, ते धरूनच ठेवलं. रोज सकाळी तेच. शेवटी बेजार होऊन मी एक तोड काढली. हातात विळा आणि खांद्यावर दोरी घेऊन निघायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की माणूस कामाला चालला आहे. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जायचो, मूठभर गवत कापायचो आणि परत यायचो. असं काही दिवस चाललं. मग एकदा गल्लीत एकानं विचारलं की अण्णा, बैल तर तुम्ही मागंच विकले, हे गवत कुणाला? घरी येऊन पेंढी टाकली तर सुलाबाई म्हणाली, "ठेवा तिकडं. दुपारच्याला फोडणी देते, तुम्हीच खा." तिनं ते हसवायला म्हणलं होतं. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी विळा आढ्याला अडकवला तो अडकवलाच, आणि परत भिंतीकडं तोंड केलं.

अशात येळवस आली. आमच्या लातूर भागाबाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही सगळे रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतो, आत पाच धोंडे चुन्यानं रंगवून मांडतो, ते आमचे पांडव. भज्जी म्हणजे पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी, पिठाचे वाफवलेले उंडे, बाजरीच्या भाकरी, ताकातली आंबील, सगळं डोक्यावरून रानात न्यायचं, देवाला दाखवायचं आणि मग जेवायचं. त्या दिवशी तुमच्या रानातून जो कोणी जाईल त्याला जेवल्याबिगर पुढं जाऊ द्यायचं नाही, मग तो ओळखीचा असो नसो. आणि पूजा झाल्यावर घरच्या धन्यानं आंबील घेऊन उभ्या पिकाभोवती शिंपडत फेरा घालायचा. वडील गेल्यापासून तो फेरा माझा. एक साल चुकला नव्हता.

आदल्या दिवशी सगळे जेवायला बसलो असताना माझा मुलगा बालाजी जपून म्हणाला, "अण्णा, ह्या साली फेरा मी घालतो. तुम्ही कोपीत बसा. ट्रॅक्टरमध्ये गादी टाकून नेतो तुम्हाला." पोराच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मला ऐकू आलं ते असं, की अण्णा, तुमचं आता झालं. मी ताटावरून उठलो आणि म्हणलं, "मी येईन ते पायी येईन, आणि फेरा मीच घालीन. आलो न्हाई तर समजा की संपलो." भाजीच्या पातेल्यात सुलाबाईचा हात तसाच राहिला. मी रागात बोललो होतो, पण खाटेवर पडल्यावर मला कळलं की मी खरंच तसं ठरवून टाकलेलं आहे. पायी जाऊन फेरा घातला तर पुढचं औषध, पुढचं जगणं. नाही झालं तर ह्यापुढं दवाखाना नको, काहीच नको. हे मी कुणाला बोललो नाही. मनात मात्र अगदी पक्कं होतं.

सकाळी सगळे ट्रॅक्टरवर चढले. सुलाबाई माझ्याबरोबर पायी येते म्हणून अडून बसली, पण आंबिलीचं मडकं तिच्याशिवाय कोण धरणार? मी तिला वर बसायला लावलं. जाता जाता ती म्हणाली की दोन घास खाऊन गोळ्या घ्या आणि मग निघा. मी हो म्हणलं आणि खाल्लं नाही. येळवसेला आपल्या रानातल्या पूजेआधी मी कधी तोंडात पाणीसुद्धा घातलेलं नाही, आणि त्या दिवशी तर मला सगळं जसंच्या तसं करून दाखवायचं होतं. डोक्याला रुमाल बांधला, काठी घेतली नाही, आणि गल्लीतून न जाता मागच्या बाजूनं पाणंद धरली. मला धापा टाकताना कोणी बघू नये एवढाच हेतू होता.

ती पाणंद उसाच्या फडाकडून जाते. निम्मा ऊस तोडून झालेला, निम्मा उभा. हवेत गारठा होता पण ऊन वर येत होतं, आणि खरं सांगतो, पहिल्या वळणापर्यंत मला बरं वाटलं. किती महिन्यांनी मी रानात एकटा होतो. हरभऱ्याच्या पानाचा आंबूस वास येत होता. ज्वारीच्या ताटावर एक चिमणी झुलत बसली होती. मी थांबून तिच्याकडं बघत राहिलो आणि दुखणं आठवलंच नाही. मग पायाच्या मुंग्या वाढत वर गुडघ्याला आल्या. पोटात काही नव्हतं. डोळ्यापुढं पांढरं पांढरं व्हायला लागलं. बसावं म्हणलं तर परत उठवेल का ह्याची भीती, आणि हाक मारावी म्हणलं तर माणूस दिसत नाही, कारण झाडून सगळा गाव पलीकडच्या अंगाला आपापल्या कोपीपाशी. मी उसाची दोन कांडी धरून उभा राहिलो आणि मनात म्हणलं, पांडवहो, संपवायचं तर हितं नका संपवू, माझ्या रानात तरी पोचू द्या. किती तरी महिन्यांनी मी देवाशी बोललो होतो, आणि तेही भांडल्यासारखं.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडं मला एक कोप दिसली. धूर निघत होता. मला वाटलं, चला, कुणाची तरी येळवस चालू आहे. बांध कसा ओलांडला आठवत नाही. कोपीपुढं जाऊन मी टेकलो आणि रिवाजाप्रमाणं आत आवाज दिला की पूजा झाली का हो. आतून एक बाई आली. चाळिशीच्या पुढची, हाताला जळलेले डाग, अंगावर लुगड्यावरून पुरुषाचा जुना सदरा. तिनं माझ्याकडं बघितलं. डोक्यावरचा रुमाल सुटला होता, तिला माझं बोडकं डोकं दिसलं असणार. ती म्हणाली, "व्हायचीच हाय, मामा. तुमच्यासाठीच थांबलोय म्हणा. बसा."

ती आत गेली. आत नवरा-बायकोचं हळू बोलणं झालं. नवरा बाहेर आला, मला राम राम घातला, कोपीच्या मागं गेला आणि ओंजळीत काही घेऊन आला. माझे डोळे मिटत होते. उघडले तेव्हा माझ्यापुढं पोत्यावर पाच धोंडे मांडलेले होते, पांढरे, वर हळदीकुंकवाचं बोट. बाई म्हणाली, पडा पाया. मी वाकलो. वाकताना हात टेकला तो एका धोंड्याला लागला, आणि बोटाला चुना आला. ओला.

मी वर बघितलं. बाईचा नवरा तंबाखूच्या चुन्याची डबी बंडीच्या खिशात ठेवत होता. कोप कडब्याची नव्हती, उसाच्या पाचटाची होती. आत चूल होती, पसाऱ्यात पांघरुणं होती, तारेवर कपडे होते. ही येळवसेची कोप नव्हती. ऊसतोडीची माणसं होती ती, आणि ते त्यांचं घर होतं. मघाशी मी ज्यांना हाक मारली ते देव मी हाक मारली तेव्हा तिथं नव्हते. मला हे कळलंय हे त्या दोघांनी ओळखलं असावं, पण बाई तशीच चुलीकडं वळली.

बाईनं जरमनच्या ताटलीत ज्वारीच्या गरम कण्या आणल्या, वर चिमूटभर मीठ आणि तेलाची धार. म्हणाली, खा मामा. मी म्हणलं, माझ्या रानातली पूजा व्हायची आहे, त्याच्या आधी मी खात नाही. माझ्या आवाजात तेव्हासुद्धा ताठा होता, लाज वाटते पण होता. ती चुलीपुढं बसली होती. वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "तुमच्या रानातले पाच आन् हे पाच, हे काय येगळे हाईत का मामा? आमची येळवस तिकडं गावी, लोह्याकडं ऱ्हायली. जमीन न्हाई आमाला, पर माझी सासू दुसऱ्याच्या बांधावर बसून दर साली मांडायची. तुमी आले म्हणून आज मांडले. आता तुमी न खाता गेले तर ह्या पाचांनी कुणाकडं बघावं?"

जन्मभर मी येळवसेला वाटसरूला धरून धरून जेवू घातलं होतं. जेवणारा मी कधी झालो नव्हतो. मी ताटली घेतली आणि खाल्लं. त्या कण्या गरम होत्या म्हणून नरड्याखाली उतरल्या. आमच्या कोपीवर मला मिळाली असती ती आंबील, आणि ती गार असते. ह्यात काही अर्थ आहे की नाही हे मी सांगत बसत नाही. जे झालं ते लिहितो आहे. तोंडाला चव लागली एवढं खरं, आणि खाता खाता डोळ्यातून पाणी यायला लागलं. बाई म्हणाली, धूर लई झालाय. मी म्हणलं, हो, धूर झालाय.

थोड्या वेळानं अंगात जीव आला. उठलो तर कोपीचा खांब धरावा लागला. कधी नाही ते मी तोंडानं बोललो. त्या माणसाला म्हणलं, "पावणं, मला जरा धरा. एकट्यानं जमंल असं वाटत न्हाई." हे बोलायला मला जेवढा जोर लागला तेवढा ऑपरेशनच्या टेबलावर चढायला लागला नव्हता. आणि बोलून झाल्यावर वाटलं, एवढंच होतं की. त्यानं माझा दंड धरला. त्याचा हात खरबरीत आणि गरम होता. आम्ही दोघं बांधाबांधानं चालत गेलो. तो त्याच्या बैलाबद्दल बोलत होता, डावा बैल कसा आळशी आहे आणि उतारावर कसा शहाणपणा करतो, आणि मी पण त्याला माझ्या विकलेल्या बैलाच्या लबाड्या सांगितल्या. चालता चालता मी दोनदा हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मलाच नवा वाटला.

आमच्या रानात सगळे घाबरून वाटेकडं डोळे लावून होते. बालाजी मोटारसायकल काढून मला हुडकायला निघतच होता. सुलाबाईनं मला बघितलं, मग दंड धरलेल्या त्या माणसाकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "पायी येनार म्हनले होते ना? हे काय, चार पायानं आले." सगळे हसले आणि मीही हसलो. पूजा झाली. तांब्यात आंबील भरून सुलाबाईनं ती माझ्या हातात दिली. आमचं रान समोर होतं, तूर पिवळी पडलेली, ज्वारी उभी. आदल्या रात्री मनात धरलेलं सगळं मला आठवलं. मी तांब्या बालाजीच्या हातात दिला. तो नको नको म्हणत मागं सरला, त्याला वाटलं मी रागानं देतो आहे. मी म्हणलं, "घे रे. मी बसून बघतो. आजवर मीच घालत आलो, कुणी घालताना बघितला न्हाई." पोरगा फेरा घालत गेला. वाऱ्यावर आंबिलीचे थेंब उन्हात चमकत होते. मी कोपीला पाठ लावून बसलो आणि तो ज्वारीच्या आड दिसेनासा होऊन पलीकडच्या कोपऱ्यातून परत दिसेपर्यंत बघत राहिलो. माझं काही कमी झालं असं मला वाटलं नाही. उलट कधी नव्हे एवढं ते रान मला माझं वाटलं.

त्या पावण्याला पोटभर जेवू घातलं, आणि सुलाबाईनं त्याच्या घरी भज्जी, उंडे, आंबील असं सगळं बांधून दिलं. पुढं त्या फडातला ऊस संपला तशी ती टोळी दुसरीकडं गेली. मी नंतर तिथं गेलो तेव्हा पाचटाची राख होती आणि बांधाला टेकवून ठेवलेले पाच धोंडे होते. चुना अजून होता. मी ते उचलले नाहीत. ज्याचं रान आहे त्यालाही सांगितलं, हलवू नको.

लोक मला विचारतात की देव भेटला का. मी म्हणतो मला माहीत नाही. देव तिथं आधीपासून होता का मी हाक मारल्यावर कुणी तरी तो मांडला, हे कोडं माझ्या चौथीच्या डोक्याला सुटणारं नाही. मला एवढंच कळलं की मी हात पुढं केला आणि त्यात काही तरी आलं. औषध पुढं सगळं घेतलं. दुखणं गेलं का राहिलं हे डॉक्टर तपासत असतात, ते त्यांचं काम आहे. मी माझ्यापुरता सुखात आहे. जो करून घेणारा आहे त्याच्या हातात दंड दिला की चालणं हलकं होतं, हे मी अनुभवानं सांगतो, आणि त्या माउलीचे उपकार मानतो जिनं मला माझी चूक न दाखवता देव मांडून दिला.

येळवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडताच उठलो. सुलाबाई अंगण झाडत होती. मी म्हणलं, चल, जाऊन येऊ. तिनं विचारलं कुठं, मी म्हणलं कुठंच नाही. तिनं झाडू ठेवला, पदर सारखा केला आणि निघाली. सवयीप्रमाणं ती माझ्या मागं चार पावलं चालत होती. मी गल्लीच्या मधोमध थांबलो आणि ती बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिलो.